मथुराबाईंच्या माठातले पाणी

ओसरीमहाराजांनी खडकनेर गावी पाण्याचे अमृत केले, ही गोष्ट त्रिखंडात विख्यात आहे. त्रिखंड म्हणजे खडकनेर, पलीकडची वाडी आणि एसटीचा फाटा. त्यातही फाट्यावरच्या लोकांचे म्हणणे असे की ते अमृत नव्हते, कोमट पाणी होते. पण ज्यांनी त्या दिवशी पुरण खाल्ले त्यांच्यापैकी कुणाचीही तक्रार आजवर आलेली नाही. खडकनेरच्या मानाने हाच मोठा चमत्कार!

महाराज मूळचे कुठले, हे कुणाला ठाऊक नव्हते. मार्गशीर्ष लागला की ते यायचे, नऊ दिवस राहायचे आणि दहाव्या दिवशी न सांगता निघून जायचे. या नऊ दिवसांत त्यांनी कधी कुणाच्या देवघरात पाऊल टाकले नाही, की मठातल्या गादीवर बूड टेकले नाही. ज्या घरचा नैवेद्य, त्या घरच्या ओसरीवर घोंगडी टाकून बसत. म्हणून नाव ओसरीमहाराज. दर्शनाला आलेल्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पाणी प्यालास का?" लोक प्रपंचाचे, परमार्थाचे, कोर्टकचेरीचे प्रश्न घेऊन येत, त्यांनाही हेच. काही विद्वान त्यात गूढ अर्थ शोधत. बाकीचे पाणी पीत.

ज्या सालची ही कथा, त्याच्या आधी चार वर्षे खडकनेरला नळ आले होते. आणले त्र्यंबकराव निरगुड्यांनी. सरकारी खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त होऊन गावी आलेला हा माणूस घरी स्वस्थ बसणारा नव्हता. त्यांनी अर्ज केले, साहेबांच्या मागे लागले, पाचशे फूट बोअर पाडून घेतली, उंच टाकी उभी केली आणि आळीआळीला नळ दिले. गावच्या आडाची आता गरज काय, म्हणून त्यावर स्लॅब टाकून वर पाणी कमिटीची कचेरी बांधली. कमिटीचे अध्यक्ष तेच. मठाच्या उत्सव कमिटीचेही तेच. दोन्हीकडे दुसरे कुणी उभे राहिले नव्हते.

बायांच्या डोक्यावरची घागर उतरली, हे मान्य केलेच पाहिजे. पाणी दिसायला काचेसारखे होते. मात्र साबण कितीही घासा, फेस म्हणून येत नसे. न्हालेले केस काथ्यासारखे उभे राहत. बिनदुधाच्या चहावरही साय धरे. हंड्यांना आतून पांढरे कवच चढले आणि ते खरवडताना गावातल्या निम्म्या बायांची नखे गेली. सदाशिव बगाडे शिंपी इस्त्रीपूर्वी कापडावर पाणी शिंपडत, तर काळ्या कापडावर पांढरे ठिपके उमटत. एका नवरदेवाचा कोट भर मांडवात चांदण्या पडल्यासारखा दिसला, तेव्हापासून सदाशिवरावांनी लग्नाची कामे घेणे सोडले. पारावर म्हातारे एकमेकांना मुतखड्याचा आकार विचारू लागले. "तुमचा केवढा?" "तुरीएवढा. तुमचा?" "हरभऱ्याएवढा," असे उत्तर देणाऱ्याकडे आदराने पाहिले जाई.

आणि डाळ! डाळ शिजतच नसे. सकाळी चुलीवर चढवलेली हरभऱ्याची डाळ दुपारी जशीच्या तशी, फक्त गरम. बायांनी कचेरीत जाऊन सांगून पाहिले. त्र्यंबकराव चष्मा पुसत म्हणाले, "आमच्या घरी याच नळावर पुरण लोण्यासारखं होतं. पाण्यात दोष नाही बायांनो, हातात आहे." आपापले हात बघत बाया परत गेल्या.

या हातांच्या यादीत पहिला नंबर होता अनसूयेचा. अनसूया ही सदाशिव शिंप्यांची बायको.

मठाची रीत अशी की नऊ दिवसांची नऊ घरे आणि प्रत्येक घराचा पदार्थ नेमून दिलेला. कुणाकडे शिरा, कुणाकडे खीर, कुणाकडे सांजा. पुरणपोळी फक्त दोन घरांकडे, पहिल्या दिवशी निरगुड्यांकडे आणि सहाव्या दिवशी बगाड्यांकडे. बगाड्यांचा मान जुना. महाराज पहिल्यांदा गावात आले तेव्हा याच ओसरीवर टेकले होते, आणि अनसूयेच्या सासूने, मथुराबाईंनी, नवी नवरी असताना त्यांना पुरणाची पोळी वाढली होती. त्याला साठ वर्षे झाली. आता मथुराबाई त्याच ओसरीवर खाटेवर पडून होत्या. मुतखड्याच्या कळांनी त्यांना कमरेत वाकवले होते, जीभ मात्र शाबूत होती.

गेल्या वर्षी सहाव्या दिवशी जे झाले, ते अनसूया विसरली नव्हती. पुरण कणीदार राहिले होते. पंगत बसली, महाराजांनी घास घेतला आणि कट्ट असा आवाज झाला. महाराजांच्या मुखात तेव्हा पाच दात होते. त्यांनी पाचवा तळहातावर काढून घेतला, धोतराच्या सोग्यात बांधला आणि म्हणाले, "जायचाच होता. गोड घास घेऊन गेला."

महाराजांनी एवढ्यावर सोडले, पण कमिटी सोडणार कशी? त्र्यंबकराव पंगतीतून म्हणाले, "पुरण वाढलंय की मुरूम?" पंगत हसली. संध्याकाळी ठराव झाला, की बगाड्यांना आणखी एक साल पाहावे. पुरण जमले नाही तर पाळी पोतदारांकडे द्यावी. पोतदारांचा अर्ज आधीच आलेला होता.

"अनसूये," त्या रात्री मथुराबाई म्हणाल्या होत्या, "पुरण बिघडलं त्याचं मला काही नाही गं. पण पाळी गेली, तर मी कुठल्या तोंडानं मरू?"

वर्षभर अनसूयेने ते वाक्य मनात घोळवले. उपाय तिला ठाऊक नव्हते असे नाही. चिमूटभर सोडा टाकला की डाळ मऊ होते, पण सोडा नैवेद्याला चालत नाही. कुकर चालत नाही, कारण त्याला रबर असते. डाळ आदल्या दिवशी भिजत घालावी, तर ते पाणी शिळे. नैवेद्याचे पाणी त्याच पहाटे, ओलेत्याने, स्वतः भरलेले, दुसऱ्या कुणाचा हात न लागलेले हवे. नियम मठाच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेले होते. खाली सही: त्र्यं. का. निरगुडे.

सहावा दिवस उजाडला. नळाला पाच ते सहा पाणी येई. अनसूयेने कुडकुडत, ओल्या लुगड्याने हंडा भरला, डाळ चुलीवर चढवली आणि हात जोडले. सात वाजता दाणा चेपून पाहिला. टणक. आठ वाजता पाहिला. टणक. तिने जाळ वाढवला, पाणी आटले, पाणी घातले, तेही आटले. पातेल्याच्या कडेला पांढरी रेघ धरली आणि डाळीने जणू न शिजण्याची शपथ घेतली होती.

नऊ वाजता त्र्यंबकराव पाहणीला आले. अंगात कोट, डोक्याला रुमाल, काखेत वही. दारातूनच म्हणाले, "काय अनसूयाबाई, डाळ शिजवताय की धुऊन वाळत घालणार आहात?"

सदाशिवराव मशीनवरून उठले. "साहेब, बायको पहाटेपासून चुलीशी बसलीय. पण हे पाणी जरा..."

"पाण्याचं नाव काढायचं नाही, शिंपीबुवा! पहिल्या दिवशी आमच्या घरचं पुरण महाराजांनी खाल्लं की नाही? तोच नळ, तीच टाकी. तुम्ही सुईत दोरा ओवा. बारा वाजता नैवेद्य. मग बघू."

मथुराबाई खाटेवरून म्हणाल्या, "बघशील, बघशील. लहानपणी तुझं नाकसुद्धा आम्हीच पुसलंय." पण त्र्यंबकराव तोवर आळीच्या टोकाला पोचले होते.

दहा वाजले. हंड्यात तळाला थेंब उरला नाही आणि नळ दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत कोरडा. पातेल्यात डाळ कोरडी पडत चालली. अनसूया चुलीसमोर तशीच बसून राहिली. रडावेसे वाटत होते, पण सासूला ऐकू गेले असते. ती मनात म्हणाली, महाराज, माझ्या हातात गुण नसेल तर नसू दे. म्हातारीची पाळी तेवढी राखा.

आणि ओसरीवर घोंगडी झटकल्याचा आवाज आला! बाराला यायचे महाराज दहालाच आले होते. बरोबर कुणी नाही, टाळ नाही, छत्री नाही. खाटेशेजारी घोंगडी टाकून ते बसले.

"काय मथुरे, पाणी प्यालीस का?"

"मी प्याले. तुम्ही कुठून आलात उन्हाचे? घ्या, माझ्या माठातलं घ्या. आजारी माणसाचं चालत असेल तर."

मथुराबाईंच्या उशाशी एक लहानसा माठ असे. महाराजांनी तिच्याच फुलपात्राने पाणी घेतले आणि डोळे मिटून प्याले. पुन्हा घेतले. तिसऱ्यांदा घेतले.

"हे कुठलं गं?"

"नळाचंच की. डॉक्टरनं सांगितलंय म्हणून ही पोरगी रोज संध्याकाळी वीस मिनिटं खळखळा उकळते. रात्रभर न हलवता ठेवते. सकाळी खाली चुन्यासारखा गाळ बसतो, तो सोडून वरचं वरचं फडक्यातून गाळून घेते. सहा महिने झाले. एक दिवस चुकली नाही. चुलीला लाकूड नसलं तर खुर्चीचा पाय जाळला हो हिनं." एवढे बोलून मथुराबाईंना धाप लागली. सुनेचे कौतुक त्यांनी पहिल्यांदाच केले होते, सवय नव्हती.

महाराजांनी आत हाक मारली, "अनसूये! डाळीतलं पाणी ओतून टाक. हे घाल."

अनसूया दारात आली. तिला वाटले, आपण चुकीचे ऐकले. "महाराज, ते शिळं आहे. कालचं आहे."

"असू दे."

"उकळलेलं आहे. फडक्यातून गाळलंय. चार वेळा हात लागलाय."

"कुणाचा?"

"माझाच."

"मग?"

"आणि... आणि सासूबाई त्यातलंच पितात. आजाऱ्याच्या उशाचं पाणी नैवेद्याला कसं घालू? भिंतीवर लिहिलंय महाराज."

महाराज हसले. चारही दात दिसले. "भिंतीला तहान लागते का? तुझ्या म्हातारीला जे चालतं, ते मला नाही चालणार? मी काय तिच्यापेक्षा सोवळा? जा बाळ. उशीर होतोय."

अनसूयेने माठ उचलला. पातेल्यातले पाणी तिने ओतले आणि माठातले घातले. आपण पाप करतो आहोत याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. महाराज सांगताहेत म्हणून ती ते करत होती, एवढेच. महाराजांनी चुलीकडे पाहिलेसुद्धा नाही, मंत्र नाही, अंगारा नाही. ते मथुराबाईंशी गुडघ्यांबद्दल बोलत बसले. दोघांचेही गुडघे दुखत होते आणि विषय लवकर संपण्यासारखा नव्हता.

सव्वाअकराला अनसूयेने भीतभीत पळीने दाणा काढला आणि चेपला. बोटांना काही लागले नाही. तिला वाटले, दाणा निसटला. दुसरा काढला. बोटांवर नुसता पिवळा लेप! तिसरा, चौथा, सगळे तसेच. ती मटकन खाली बसली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून रडू लागली. वर्षभराचे राहिलेले रडू होते ते. नशीब की गूळ किसून तयार होता, नाहीतर नैवेद्याला संध्याकाळ झाली असती.

बाराला वीस मिनिटे असताना पोळ्या लाटायला घेतल्या. बारा वाजता त्र्यंबकराव कमिटीसह हजर झाले. बरोबर त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई, हातात हारांचे तबक. आळी लोटली होती. पोतदारही आले होते, जरा नवे कपडे घालून.

पान वाढले. पोळीवर तूप घातले. महाराजांनी घास मोडला आणि सगळी ओसरी कान देऊन बसली. सदाशिवरावांनी डोळे मिटून घेतले. महाराजांनी घास तोंडात टाकला, चावला, गिळला.

कट्ट झाले नाही.

महाराजांनी दुसरा घास घेतला. मग पहिली पोळी संपवली आणि ताट पुढे केले. "अनसूये, आणखी एक. हे पुरण दातांना विचारतच नाही गं, सरळ आत जातं!"

मथुराबाईंनी खाटेवरूनच हात जोडले. पंगतीत हशा, जयजयकार एकदम झाला. अनसूया दुसरी पोळी वाढत असताना त्र्यंबकरावांनी घसा साफ केला आणि उभे राहिले.

"ऐका, ऐका सगळे. अनसूयाबाई, खरं सांगा, पाणी कुठलं वापरलंत?"

"नळाचंच," अनसूया म्हणाली. उरलेले ती सांगणार होती, पण तिला थांबावे लागले.

"बघा!" त्र्यंबकरावांनी वही उंच धरली. "चार वर्षं मी काय सांगतोय? पाण्यात दोष नाही! हात सुधारला, पुरण सुधारलं! लिहून घ्या हे."

अनसूयेच्या हातातली पोळी तिथेच थबकली. पहाटेपासूनची थंडी, सहा महिन्यांचे उकळणे, सगळे एका वाक्यात कमिटीच्या नावावर जमा झाले होते.

महाराज तूप पुरणाला चोळत सावकाश म्हणाले, "कुमुदिनी, तुझंही पुरण मऊ असतं. पहिल्या दिवशी खाल्लं मी. तू पण पाणी उकळून निवळून घेतेस काय गं?"

कुमुदिनीबाईंनी हातातले तबक खाली ठेवले. त्या नवऱ्याकडे बघत नव्हत्या. महाराजांपुढे खोटे बोलण्याची त्या बाईंची छाती नव्हती. एरवी चार वर्षे होती.

"नाही महाराज. कोंडिबा गवळी सकाळी दुधाबरोबर एक किटली पाणी आणतो. वाडीच्या विहिरीचं."

कोंडिबा दुधात पाणी घालतो, असा आरोप गाव कैक वर्षे करत होते. निव्वळ पाणी आणल्याचा हा पहिलाच.

"म्हणजे?" त्र्यंबकराव हळूच म्हणाले. "माझी आमटी?"

"किटलीतलं."

"चहा?"

"तेच."

"आणि अंघोळीचं?"

"एवढं कुठून आणणार? अंघोळीला नळाचं आहे."

त्र्यंबकरावांचा हात नकळत रुमालाखाली गेला, जिथे चार वर्षांपूर्वी केस होते.

"मला सांगितलं का नाहीस?" त्यांनी विचारले.

कुमुदिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "तुम्ही इतक्या हौसेनं आणलेलं पाणी. तुमच्या तोंडावर कसं सांगू, की डाळ शिजत नाही?"

कुणी हसले नाही. हसण्यासारखे होते, पण हसले नाही. त्र्यंबकरावांनी वही खाली ठेवली. ते स्वतःशीच बोलावे तसे म्हणाले, "माझी आई आडावर पाय घसरून पडली होती. पुन्हा चालली नाही. म्हणून आणले हो नळ. दुसरं काही नव्हतं मनात."

"ठाऊक आहे मला," महाराज म्हणाले. "ते पुण्य तुझंच, ते कुणी घेत नाही. पण त्र्यंबका, चार वर्षं बाया तुला पाण्याचं सांगत होत्या आणि तू त्यांचे हात तपासत होतास. आज हिचा हात बघ. रोज विस्तवाशी पाणी उकळून भाजलाय तो. म्हातारीसाठी. त्या हाताची डाळ न शिजून सांगते कुणाला?"

त्र्यंबकरावांनी डोक्याचा रुमाल काढला आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराजांनी त्यांना खांद्याला धरून उठवले आणि खाटेकडे बोट केले. "तिकडे. पाणी तिचं आहे."

खडकनेरच्या दोन्ही कमिट्यांचे अध्यक्ष गुडघ्यांवर खाटेपाशी गेले आणि मथुराबाईंच्या पायांशी वाकले. मग अनसूयेपुढे हात जोडून म्हणाले, "बाई, चुकलो. पाळी तुमचीच." पोतदार मागच्या मागे निघून गेल्याचे नंतर लक्षात आले.

मथुराबाईंनी त्र्यंबकरावांच्या उघड्या टाळूवर हात फिरवला. "ऊठ रे तंब्या. पाठीत उसण भरेल. तुझी आई असती तर म्हणाली असती, पोरगं चांगलं आहे, फक्त ऐकत नाही."

महाराजांनी आपल्या ताटातला घास मोडून मथुराबाईंच्या मुखात घातला. साठ वर्षांपूर्वी तिने वाढले होते, आज त्यांनी भरवले. मग माठातले उरलेले पाणी फुलपात्रात ओतून त्यांनी ते त्र्यंबकरावांपुढे धरले.

"पाणी प्यालास का?"

त्र्यंबकराव प्याले. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्यामुळे चव नक्की काय लागली ते त्यांना पुढे कधीच सांगता आले नाही.

धन्य ते महाराज, ज्यांनी आजाऱ्याच्या उशाचे पाणी देवाच्या पानापर्यंत नेले! मथुराबाई पुढे दोन मार्गशीर्ष जगल्या आणि पाळी घरात ठेवूनच गेल्या. तो माठ आज मठात चांदीच्या मखरात आहे. नळाचे पाणी त्याला लावून नेले की डाळ शिजते, अशी श्रद्धा असल्याने सहाव्या दिवशी कळशा घेऊन मोठी रांग लागते. पाणी उकळून, रात्रभर ठेवून, गाळ सोडून वरचे घेण्याची पद्धत मात्र गावात रुजली नाही. त्याला वेळ लागतो. भिंतीवरचे नियम त्र्यंबकरावांनी स्वतः चुना लावून पुसले. नळाला पाणी तेच येते.

मठाच्या पुरणात आता सोडा घालतात.